बसायला जागा

एखादी सार्वजनिक इमारत पाडायची असेल, तर आधी ती धोकादायक ठरावी लागते. आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय 2021 च्या सुरुवातीला धोकादायक ठरलं. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला. इमारत जीर्ण आहे, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ती 'सी-1' वर्गात आली आहे, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावी अशी. त्या जागी खाली गाळे आणि वर सभागृह असं व्यापारी संकुल बांधावं आणि वाचनालयाला 'योग्य ती पर्यायी जागा' द्यावी. कोरोनामुळे सभा ऑनलाइन झाली होती. एरवी सभागृहात मागच्या बाकांवर चार माणसं तरी बसलेली असतात, त्या वेळी तीही नव्हती. गावाला कळलं ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या दहा ओळींतून.

गावाचं नाव मी लिहीत नाही. यातली सगळी माणसं मला रोज भाजी घेताना भेटतात, आणि ज्यांनी तेव्हा ठरावाच्या बाजूने हात वर केला त्यांच्यातल्या काहींनी पुढे तो मागेही घेतला. मी इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे.

इमारत अशी आहे: काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, सागवानी कैच्या (छपराचा भार पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) आणि वर मंगलोरी कौलं. पुढे पडवी आहे, तिथे वर्तमानपत्रांचे उतरते लाकडी स्टँड. आत शिरल्यावर डावीकडे देवघेवीचा काउंटर, उजवीकडे लांब टेबलांचा मुक्तद्वार विभाग आणि सगळ्यात मागे अभ्यासिका. अभ्यासिकेच्याही मागे, बऱ्याच नंतर जोडलेला स्लॅबचा एक तुकडा: स्वच्छतागृह, पाण्याची टाकी आणि अडगळीची खोली. हा तुकडा लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

ठरावाची बातमी आली त्या संध्याकाळी कार्यकारिणी बसली. अध्यक्षांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांनी निवेदनाचा मसुदा करून आणला होता आणि तो मनापासून लिहिलेला होता. महाराष्ट्रातल्या वाचनालयांची परंपरा किती जुनी, इथून सुरुवात. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, अहमदनगरचं 1838 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. पुढे 1893 मध्ये ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, 1898 मध्ये मुंबईचं. या माळेत आमचंही गाव बसतं, ही वास्तू म्हणजे आमचा वारसा, ती पाडणं म्हणजे वाचनसंस्कृतीवर घाव. एकही वाक्य खोटं नव्हतं. सह्या झाल्या, निवेदन दिलं, पोच घेतली.

बाजारपेठेच्या प्रभागातले एक नगरसेवक माझे जुने विद्यार्थी आहेत. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत ते पुढे होते. त्यांच्या दुकानात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, निवेदन वाचलं मी. पण खरं सांगा, आता पुस्तकं कोण वाचतं? आणि गाळे झाले तर तेवढी घरं उभी राहतील. रस्त्यावर पाल टाकून बसणाऱ्यांना मी काय सांगू?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता. जकात गेल्यापासून लहान नगरपरिषदांच्या हातात स्वतःचं उत्पन्न फार कमी उरलं आहे. घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं, एवढंच. नगरपरिषदांच्या कायद्यात रस्ते, पाणी, दिवे, कचरा ही आवश्यक कामं आहेत आणि वाचनालय ऐच्छिक कामांत मोडतं. त्यात आपल्या ग्रंथालय कायद्याची घडण अशी, की वाचनालय नेमकं कुणाचं, हा प्रश्न कायम लोंबकळत राहतो. 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांसाठी कायदा केला होता, त्या मातीतल्या राज्याचा स्वतःचा कायदा यायला 1967 उजाडलं. तमिळनाडूत, कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयासाठी उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही. इथे वाचनालय चालवते एखादी संस्था, राज्य सरकार तिला वर्गवारीनुसार अनुदान देतं आणि जागा पुष्कळदा नगरपरिषदेची असते. तिघांचंही आहे म्हणून वेळ आली की कुणाचंच नाही. नगरसेवक जेव्हा "ते तर संस्थेचं आहे" म्हणतात, तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

अण्णांचं निवेदन मला तोपर्यंत पुरेसं वाटत होतं की नाही, यापेक्षा ते समोरच्याला का पुरेसं वाटत नाही, हे समजून घेणं भाग होतं. आमच्या ग्रंथपाल ताईंनी ती वाट दाखवली. त्यांनी देवघेवीचं रजिस्टर बाजूला ठेवलं आणि मुक्तद्वार विभागाची हजेरीवही काढली. ही वही कुणी फारशी बघत नाही. पुस्तक न घेता नुसतं येऊन बसणारा माणूस दारात नाव, वेळ आणि सही टाकतो, तेवढीच तिची नोंद. अनुदानासाठी तपासणी झाली की तपासनीस ती चाळतो आणि परत देतो.

देवघेव खरंच रोडावली होती, ते लपवण्यात अर्थ नव्हता. हजेरीवही मात्र ऑक्टोबर 2020 मध्ये वाचनालयं उघडायला परवानगी मिळाल्यापासून भरून वाहत होती. मार्चमधल्या टाळेबंदीत पुण्याच्या पेठांमधल्या खोल्या सोडून स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली घरी परतली होती. घर म्हणजे दोन खोल्या, त्यात धाकट्या भावंडांची ऑनलाइन शाळा, आजारी आजी, सुरू असलेला टीव्ही. ही मुलं सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन थांबत. 2021 मध्ये 14 मार्चची राज्यसेवा पूर्व परीक्षा आयोगाने ऐन वेळी पुढे ढकलली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, आणि अखेर 21 मार्चला ती झाली. त्या आठवड्यातली आमची हजेरीवहीची पानं मी अजून जपून ठेवली आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे मैदानावर धावून येत आणि घाम वाळायच्या आत पुस्तक उघडत.

त्यांच्यापैकी एका मुलीशी बोलत होते. वडील हमाली करतात, आई धुणीभांडी. मी विचारलं, वाचनालयातली कुठली पुस्तकं तुला उपयोगी पडतात? ती म्हणाली, "पुस्तकं माझी मी आणते, मॅडम. इथं बसायला येते. घरी बसायला जागा नाही."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात वाचनालयाच्या बाजूने एवढं नेमकं कुणीच बोललं नाही. आम्ही पुस्तकांचं रक्षण करायला निघालो होतो आणि तिला हवी होती बाकावरची दोन हात जागा, वर पंखा, दिवा आणि 'इथं का बसलीस' असं कुणी न विचारणं. गावात अशी जागा दुसरी कुठे आहे? देवळात बसता येतं, पण तिथे भूमितीचं पुस्तक उघडून पाच तास नाही. हॉटेलात चहा संपला की उठावं लागतं. पारावर आणि एसटी स्टँडवर मुलगी एकटी बसली की गाव तिच्याकडे बघतं. खासगी अभ्यासिका आहेत, त्यांची महिन्याची फी आहे. काही विकत न घेता, कुणाची जात, आडनाव वा ओळख न सांगता, मुलीबाळींनी निर्धास्त बसावं अशी छपराखालची एकच जागा गावात आहे, आणि ती पाडायचा ठराव झालेला आहे. नव्या निवेदनात आम्ही हेच लिहिलं. त्यात 1828 आलं नाही. अण्णांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनी पहिली सही केली.

आता धोक्याचं. 'धोकादायक' हा शब्द आम्ही हलक्यात घेतला नाही. आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळून माणसं गेली होती, त्याच्या बातम्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. छत खरंच पडणार असेल तर त्याखाली एकही मूल बसवायचा आम्हाला अधिकार नव्हता, भले वाचनालय जावो. पण महाडची ती इमारत दहा वर्षंही जुनी नव्हती. वय आणि धोका या दोन गोष्टी एक नाहीत, म्हणून तपासणी कशी केली ते पाहायचं होतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करून ऑडिटचा अहवाल मिळवला आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना दाखवला. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात.

भाऊसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि मग विचारलं, "हे रिबाउंड हॅमरचे आकडे कुठले घेतलेत?" ही चाचणी काँक्रीटच्या पृष्ठभागावर हातोडी आपटून त्याच्या कठीणपणावरून ताकदीचा अंदाज बांधते. आमच्या मुख्य इमारतीत काँक्रीट नाहीच. आकडे घेतले होते ते मागच्या, नंतर जोडलेल्या स्लॅबच्या तुकड्यावर. तो तुकडा खरोखर वाईट अवस्थेत होता: सळया गंजून फुगलेल्या, काँक्रीटचे पोपडे सुटलेले. त्या एका तुकड्याच्या जोरावर सगळी इमारत सी-1 मध्ये गेली होती.

मग भाऊसाहेब शिडी लावून स्वतः वर चढले. वय सत्तरीच्या पुढे. सोबत टॉर्च आणि टोकदार लोखंडी टोचा. कैचीचं टोक जिथे भिंतीवर टेकतं तिथे त्यांनी टोचा खुपसला. "बघा, इथं आत जातोय." वीतभर पुढे सरकून पुन्हा टोचला. "इथं जात नाही." सगळ्या कैच्या त्यांनी अशा तपासल्या. तीन कैच्यांची टोकं कुजली होती, कारण त्यांच्या वरची पन्हळ पानांनी तुंबली होती. टाळेबंदीत वाचनालय बंद, वर कुणी चढलं नाही, 2020 चा अख्खा पावसाळा पाणी भिंतीत मुरत राहिलं. भिंतींवर मागे कधीतरी दुरुस्ती म्हणून सिमेंटचा गिलावा मारला होता, त्याचंही त्यांना वाईट वाटलं. चुन्याची भिंत ओल घेते आणि हवेत सोडून देते. वरून सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. त्यांनी तीन पानी टिपण लिहून दिलं. मागचा तुकडा पाडा, आजच पाडा. तीन कैच्यांची टोकं कापून नवं लाकूड जोडा, खराब रिपा आणि कौलं बदला, पन्हळ नवी करा, गिलावा खरवडून चुन्याचा करा. तोवर अभ्यासिका बंद ठेवून मुलांना पुढच्या दालनात बसवा. ते टिपण आम्ही एका नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घेतलं, कारण भाऊसाहेबांचा शब्द गावात चालला तरी फायलीत चालला नसता.

कागदांची लढाई थोडक्यात सांगते, ती कंटाळवाणी आहे पण तिच्याशिवाय आम्हाला वेळ मिळाला नसता. मंजूर विकास आराखड्यात ती जागा ग्रंथालयाची म्हणूनच दाखवलेली होती. तिथे व्यापारी संकुल करायचं तर नगररचनेच्या 1966 च्या कायद्यातलं, आराखड्यात फेरबदल करण्याचं कलम 37 लागतं. हरकती-सूचना मागवाव्या लागतात, शासनाची मंजुरी घ्यावी लागते. ठरावात याचा उल्लेख नव्हता. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 प्रमाणे ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतो, म्हणून त्यांच्याकडेही अर्ज केला. त्यांनी ठराव थांबवला नाही, पण नगरपरिषदेकडून अहवाल मागवला. अहवाल जाईपर्यंत कुणी इमारतीला हात लावला नाही.

या मधल्या काळात एक साधा, गोड वाटणारा प्रस्ताव आला: पुस्तकं तेवढी तात्पुरती शाळेच्या दोन खोल्यांत हलवा, बाकीचं नंतर बघू. आमच्यातल्या काहींना तो पटलाही होता. मी हट्टाने नको म्हटलं, आणि त्यामागे एक दूरची गोष्ट होती. लंडनच्या ब्रेंट भागात, जिथे तिथलं महाराष्ट्र मंडळही आहे, केन्सल राइझ नावाचं वाचनालय आहे. 1900 मध्ये मार्क ट्वेनच्या हस्ते ते सुरू झालं. 2011 मध्ये तिथल्या कौन्सिलने खर्च वाचवायला सहा वाचनालयं बंद केली, त्यांत हेही होतं. लोक कोर्टात गेले आणि हरले. तरी ते दारात पहारा देत राहिले. मग मे 2012 मध्ये एका रात्री, पहाट व्हायच्या आधी, पोलिसांच्या बंदोबस्तात कौन्सिलची माणसं आली आणि आतली पुस्तकं उचलून नेली. लोकांनी त्यानंतरही हार मानली नाही. 2019 मध्ये तळमजल्याच्या एका भागात वाचनालय पुन्हा उघडलं, मात्र बाकी इमारतीत तोवर फ्लॅट झाले होते. रिकाम्या वाचनालयाची बाजू मांडणं किती अवघड असतं, ते यातून मी शिकले. पुस्तकं आत असतील आणि माणसं बसलेली असतील, तोवर ते वाचनालय आहे. कपाटं हलली की ती नगरपरिषदेच्या मालकीची एक जुनी इमारत. शिवाय 2012 नंतर राज्यात नव्या वाचनालयांना मान्यता देणं बरीच वर्षं थांबलेलं होतं. पुस्तकं, सभासद, उघडं राहण्याचे तास यांच्या अटी मोडल्या आणि आमची मान्यता गेली असती, तर ती परत मिळवायला दारच उघडं नव्हतं. पुस्तकं हलली नाहीत.

दुसऱ्या लाटेत पुन्हा सगळं बंद झालं. उघडल्यावर आम्ही नगरसेवकांना एकेकटं बोलावायला सुरुवात केली. मोर्चा काढला नाही, फलक लावले नाहीत. मोर्चा समोर आला की नगरसेवक पक्षाच्या बाजूने उभा राहतो, आणि एकटा आला की तो गावचा माणूस असतो, असं माझं मत आहे. वेळही आम्ही ठरवून द्यायचो: सकाळी साडेसातला किंवा रात्री नऊला. त्या वेळी टेबलं भरलेली असतात. भाषण कुणी करायचं नाही, हारतुरे नाहीत. ताई हजेरीवही पुढे ठेवत आणि नगरसेवकांनी हवं त्याच्याशी बोलावं.

एक नगरसेविका आल्या. त्या स्वतः दहावीपर्यंत शिकलेल्या, बचत गटातून पुढे आलेल्या. अभ्यासिकेच्या बंद दाराशी थांबून त्यांनी मुलींना एवढंच विचारलं, "रात्री घरी कशा जाता गं?" मुली म्हणाल्या, चौघी मिळून जातो, पण मागच्या बोळात दिवा नाही. दुसऱ्या आठवड्यात तिथे दिवा लागला. ठरावाबद्दल त्या आमच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, पण तो दिवा लागल्यावर त्यांचं मत कुणीकडे आहे ते आम्हाला कळलं.

माझे विद्यार्थी नगरसेवक सगळ्यात शेवटी आले. त्यांनी हजेरीवहीची पानं बराच वेळ उलटली. नाव, पत्ता, नाव, पत्ता. निम्म्याहून जास्त मुलं त्यांच्याच प्रभागातली होती, दुकानामागच्या चाळींमधली, आणि बहुतेकांचं नाव मतदार यादीत आलेलं. हे त्यांना दिसलं, आणि मला त्यात काहीही कमी प्रतीचं वाटत नाही. ज्याला आपण निवडून देतो त्याने आपल्याला मोजावं, यासाठीच तर निवडून देतो. त्यांनी एकच अडचण सांगितली, "गाळ्यांचा शब्द दिलाय मी लोकांना, मॅडम." ती अडचण खरी होती. उत्तर अण्णांनी शोधलं. गावाच्या वेशीवर जुन्या जकात नाक्याची नगरपरिषदेची जागा आहे, जकात बंद झाल्यापासून तिथे भंगार गाड्या पडून होत्या. एसटीचा मार्ग तिथूनच जातो. गाळे तिथे का नकोत? अण्णांनी मिळकत पत्रिकेचा उताराच काढून आणला होता.

पावसाळा संपता संपता विशेष सभा झाली, या वेळी सभागृहात. मागचे बाक मुलांनी भरले होते आणि कुणी घोषणा दिली नाही. आधीचा ठराव रद्द झाला. मागचा धोकादायक भाग पाडणं, मुख्य इमारतीची दुरुस्ती आणि गाळ्यांसाठी जकात नाक्याच्या जागेचा आराखडा, असा नवा ठराव बहुमताने झाला. विरोधात बोललेल्या एका ज्येष्ठ सदस्यांचा मुद्दा रास्त होता. दुरुस्तीचा पैसा कुठून आणणार, हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नका, असं ते म्हणाले. थोड्याच दिवसांत सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, फाईल पुन्हा वर-खाली फिरली. तांत्रिक मंजुरी, निविदा, फेरनिविदा. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळेना, तो शेवटी वाईकडून आणला. छप्पर पुरं होऊन अभ्यासिका उघडायला आणखी एक पावसाळा जावा लागला. त्या काळात मुलं पडवीत वर्तमानपत्रांच्या स्टँडखाली सतरंजी टाकून बसत होती.

इमारत आता धड आहे. पण ती सकाळी सातला उघडते आणि रात्री दहाला बंद होते, कारण ताई आणि त्यांचा एक मदतनीस आलटून पालटून तिथे असतात. राज्याचं अनुदान हप्त्यांनी येतं, त्यातून पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि पगार भागवायचा. 2023 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तिचं मनापासून स्वागत आहे. तरी ताईंच्या हातात महिन्याला जे पडतं ते छपरावर काम केलेल्या गवंड्याच्या पंधरा दिवसांच्या मजुरीइतकंही नाही. बाकावरची जागा फुकट राहावी म्हणून त्या स्वतःच्या श्रमाची किंमत सोडून देत आहेत, आणि त्यांना पंचवीस वर्षं झाली. इमारतीसाठी सह्या करणारं गाव या पगाराबद्दल गप्प आहे, हे मला सहन होत नाही. ऐच्छिक काम म्हणून का होईना, नगरपरिषदेने आपल्या अंदाजपत्रकात ग्रंथपालाच्या वेतनासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम धरावी, असा अर्ज आम्ही करत आहोत. अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडतात. त्याच्या आत तो दाखल करायचा आहे. मसुदा अभ्यासिकेतल्या मुलींनी लिहिलाय, मी फक्त आकडे तपासून दिले.